जुन्या पीसीवर विंडोज ७ नव्याने टाकताय? आधी हा क्रम वाचा

महिन्याला दोन-तीन मशीन तरी माझ्याकडे अशा येतात की ज्यांच्यावर कुणीतरी आधीच फॉरमॅट मारलेला असतो आणि आता पुढे काहीच चालत नसतं. लॅन दिसत नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, टॅली उघडते पण लायसन्स मागते, जुन्या मराठी फाइली उघडल्या की नुसती गिचमिड. मग फोन येतो, "भाऊ, मना डेटा कथा गया?" विंडोज टाकण्यात चूक क्वचितच झालेली असते, नेक्स्ट-नेक्स्ट करत ते कोणीही टाकतं. चुकतं ते त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. इन्स्टॉल अर्ध्या तासाचं काम आहे, तयारीला अर्धा दिवस लागतो, आणि लोक नेमका हा अर्धा दिवस वाचवायला जातात.

खाली जो क्रम दिलाय तो मागेपुढे करू नका, प्रत्येक गोष्ट तिथेच का आहे ते सोबत सांगतो.

आधी ठरवा: ७ खरंच लागतं का, आणि ३२ बीट की ६४

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यामुळे घरात नुसतं नेट बघायला, पोरांच्या अभ्यासाला मशीन हवं असेल तर ७ टाकू नका, एसएसडी लावून लिनक्स मिंट टाका, चार जीबी रॅमवर आरामात चालतं. ७ टाकायचं ते कारण असेल तरच. आपल्याकडे अशी कारणं भरपूर आहेत: जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, आडतीच्या दुकानातला फॉक्सप्रोचा डॉसवाला बिलिंग प्रोग्राम, फोटो स्टुडिओचा जुना स्कॅनर ज्याचा ड्रायव्हर ७ च्या पुढे निघालाच नाही. चोपडा, धरणगाव, अमळनेर, रावेर, कुठेही जा, एखाद्या कोपऱ्यात असं एक मशीन असतंच आणि धंदा त्याच्यावरच चाललेला असतो.

आता बीटचं. १६ बीट डॉस प्रोग्राम ६४ बीट विंडोजवर थेट चालतच नाहीत. म्हणजे दिवाणजींचा फॉक्सप्रो चालवायचा असेल तर ३२ बीटच टाका, रॅम किती का असेना. ३२ बीटमध्ये चार जीबी लावली तरी तीन-साडेतीनच्या आसपासच वापरात येते, तेवढं चालवून घ्यायचं. असं काही जुनं सॉफ्टवेअर नसेल आणि रॅम चार किंवा जास्त असेल तर ६४ बीट. पण त्याआधी तुमच्या प्रिंटर-स्कॅनरचा ६४ बीट ड्रायव्हर आहे का ते बघा, नंतर नाही.

अजून एक, डॉस प्रोग्राम फुल स्क्रीन व्हायचा तो ७ मध्ये नेहमीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर होत नाही, खिडकीतच चालतो. दिवाणजींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मशीन बिघडवलं असं वाटतं त्यांना. खिडकीचा फॉन्ट मोठा केला की त्यांचं काम भागतं.

१. कागद-पेन घेऊन जुन्या विंडोजसमोर बसा

मशीन चालू होत असेल तर आत्ताच सगळं लिहून घ्या. मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढले तरी चालेल, पण काढा.

डिव्हाइस मॅनेजर उघडून एकेक फांदी उघडा आणि फोटो घ्या. नेटवर्क, डिस्प्ले, साउंड, आणि पोर्ट्स. वजनकाट्याचं मशीन असेल तर पोर्ट्स सगळ्यात महत्त्वाचं. काटा कॉम १ वर आहे की कॉम ३ वर, बॉड रेट (काटा आकडे पाठवतो तो वेग) २४०० आहे की ९६००, पॅरिटी, डेटा बिट्स, स्टॉप बिट, हे सगळं काट्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतं, तिथला फोटो घ्या. यातला एक आकडा चुकला तरी स्क्रीनवर वजनाच्या जागी शून्य किंवा कचरा येतो, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि काटेवाल्या इंजिनिअरला बोलवायचं तर तो दोन दिवसांनी येणार.

नेटवर्कचा आयपी फिक्स दिलेला असेल तर तो, गेटवे, डीएनएस. शेअर केलेल्या फोल्डरची नावं. कॉम्प्युटरचं नाव सुद्धा, कारण बाकीची मशीन इथला शेअर केलेला प्रिंटर त्याच नावाने शोधत असतात.

टॅली ईआरपी ९ असेल तर एफ१२ मधून डेटा कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि डेटा फाइलींचा पाथ लिहा. लोक सी ड्राइव्हमधला टॅलीचा फोल्डर कॉपी करतात आणि डेटा असतो भलतीकडेच. आत १०००० किंवा १०००१ अशा पाच आकडी नावाचे फोल्डर दिसले की तो तुमच्या कंपनीचा डेटा.

थांबा: टॅलीचं लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. नेट चालू असताना, टॅलीच्या आतूनच. तसाच फॉरमॅट मारला तर लायसन्स त्या जुन्या इन्स्टॉलेशनवर अडकून बसतं आणि मग ते सोडवत बसावं लागतं, ऐन रिटर्नच्या तारखेला.

कॅबिनेटच्या बाजूला किंवा लॅपटॉपच्या पोटाला विंडोजचं स्टिकर असतं, त्याचा फोटो घ्या. अक्षरं पुसट झालेली असतात, बी आणि ८, जी आणि ६ यात घोळ होतो, म्हणून टॉर्च तिरका धरून दोन-तीन फोटो काढा. कंपनीकडून विंडोज टाकून आलेल्या मशीनवर की शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं तर ते वेगळीच की दाखवतं, ती फॅक्टरीतली सामायिक की असते, ती नवीन इन्स्टॉलला चालत नाही. स्टिकरवरची धरायची. आणि स्टिकरवर होम बेसिक लिहिलं असेल तर होम बेसिकच टाका, प्रोफेशनलला ती की लागणार नाही.

२. डेटा काढा, आणि काढलेला उघडून बघा

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे घेतात. राहून जातं ते हे: सी ड्राइव्हच्या तोंडावरच बनवलेले फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, डॉस प्रोग्रामचा अख्खा फोल्डर, आणि फॉन्ट.

फॉन्टवर जरा थांबतो, कारण याचा फटका मी स्वतः दुसऱ्याला दिलाय. एका पतसंस्थेचं मशीन होतं, मी डेटा व्यवस्थित घेतला, फॉरमॅट मारला, सगळं परत टाकलं, आणि त्यांनी ठरावांची फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच्या (आता मोबाइलवर, नेटवर चालते ती मराठीची पद्धत) आधी टाइप केलेलं मराठी, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख वगैरे, हे त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही, फाइलीत मराठी नसतंच मुळी, इंग्रजी अक्षरांवर मराठीचं चित्र बसवलेलं असतं. डेटा गेलेला नव्हता पण त्या मॅडमचा चेहरा उतरला होता, बारा-तेरा वर्षांचे ठराव होते ते. तोच फॉन्ट दुसऱ्या शाखेतल्या मशीनवर मिळाला म्हणून निभावलं. तेव्हापासून विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर मी अख्खा कॉपी करतो, निवडत बसत नाही.

डेटा दोन ठिकाणी घ्या. एक बाहेरची हार्ड डिस्क, दुसरी पेनड्राइव्ह किंवा दुसरं मशीन. डी ड्राइव्हवर हलवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही, डी पण त्याच डिस्कवर असतो.

चेक करा: बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिथे पाच-सहा फाइली उघडा. टॅलीची कंपनी, एक एक्सेल, एक फोटो, एक मराठी फाइल. उघडल्या तरच पुढे.

एक सोपी युक्ती: डिस्कचे जे भाग ठेवायचेत त्यांना आत्ताच नाव द्या, राइट क्लिक करून रिनेम, डीला 'डेटा' किंवा 'ठेवा' इंग्रजीत. विंडोजच्या सेटअपमध्ये सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, डिस्क ० पार्टिशन २ असं दिसतं, पण हे नाव मात्र बाजूला दिसतं. त्या एका नावामुळे कितीतरी लोकांचा डेटा वाचला असता.

३. ड्रायव्हर आणि अपडेट आधीच उतरवून ठेवा

लॅनचा ड्रायव्हर सगळ्यात आधी. तो असला की बाकीचं नेटवरून आणता येतं, तो नसला की अडकलात. ब्रँडेड मशीन असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका, असेंबल केलेलं असेल तर मदरबोर्डवर मॉडेल छापलेलं असतं, रॅमच्या किंवा स्लॉटच्या जवळ, ते वाचा. साइटवरून जुने ड्रायव्हर काढून टाकले असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथला व्हेन आणि डेव्ह नंतरचा चार-चार अक्षरांचा कोड लिहून घ्या आणि चिप बनवणाऱ्या कंपनीकडे शोधा. फुकट ड्रायव्हर देतो म्हणणारी 'अपडेटर' सॉफ्टवेअरं टाकू नका, दहापैकी आठ वेळा सोबत भलतंच काहीतरी घुसतं.

अपडेटच्या फाइली मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवरून घ्यायच्या, तिथे खालचे केबीचे नंबर टाकून शोधा. ३२ बीटला एक्स८६, ६४ बीटला एक्स६४. फाइलींच्या नावाआधी १, २, ३ असे आकडे टाकून ठेवा म्हणजे क्रम चुकत नाही:

पहिली केबी३०२०३६९
दुसरी केबी३१२५५७४, ही मोठी आहे, २०१६ पर्यंतचं बहुतेक सगळं एकत्र
तिसरी केबी४४९०६२८
चौथी केबी४४७४४१९, सप्टेंबर २०१९ वाली
पाचवी केबी४५३६९५२
सहावी केबी४५३४३१०, ही जानेवारी २०२० ची शेवटची सगळ्यांसाठीची

पहिली नसेल तर दुसरी बसत नाही. तिसरी-चौथी नसतील तर त्याच्या पुढचं काहीच बसत नाही, कारण २०१९ च्या मध्यापासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची सही एसएचए-२ मध्ये करायला सुरुवात केली आणि कोऱ्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. नव्याने टाकलेल्या ७ वर विंडोज अपडेट नुसतं फिरत राहतं किंवा एरर देतं त्याचं एक मोठं कारण हेच. लोक रात्रभर मशीन चालू ठेवतात, सकाळी बघतात तर तिथेच.

४. मशीन उघडा

आपल्याकडचं ऊन आणि धूळ दोन्ही जबर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि जिनिंगमधल्या मशीनचा पंखा उघडला की आत कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी निघते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती गच्च बसलेली असते, ब्रशने निघत नाही, चिमट्याने ओढावी लागते, अख्खा तुकडा निघतो हातात. ती काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. इन्स्टॉल अर्ध्यावर बंद पडतं ते बऱ्याचदा गरम होऊन.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल गेला की तारीख मागे जाते, तारीख मागे गेली की एकही साइट नीट उघडत नाही, आणि लोक त्यासाठी पुन्हा फॉरमॅट मारतात.

हार्ड डिस्क तपासा, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून. वर पिवळा 'कॉशन' दिसला, रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरपुढे आकडे वाढलेले दिसले तर त्या डिस्कवर विंडोज टाकायचं नाही. मशीन स्लो झालं म्हणून ज्या मशीन येतात त्यातल्या बऱ्याच डिस्क मरायला टेकलेल्या असतात, फॉरमॅटने त्या बऱ्या होत नाहीत. १२० किंवा २४० जीबीची साधी साटा एसएसडी लावा. माझं स्पष्ट मत आहे, जुन्या मशीनला जो काही खर्च करायचा तो इथे करा, बाकी कशानेच एवढा फरक पडत नाही.

५. पेनड्राइव्ह बनवा

हे काम दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर. मूळ डीव्हीडीपासून बनवलेली आयएसओ (अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलीतली नक्कल) घ्या, सर्व्हिस पॅक १ सकट. 'लाइट', 'अल्टिमेट ऑल इन वन', 'प्री-ॲक्टिवेटेड' अशा नावाचं काही घेऊ नका. त्यातून काय काढलंय आणि आत काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही धंद्याचे हिशोब ठेवणार आहात.

रूफस हे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर. ते उघडा, आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर, टार्गेट बायोस, स्टार्ट. झालं. रूफस ४ विंडोज ७ वर चालत नाही, पेनड्राइव्ह बनवायचं मशीन पण ७ वालंच असेल तर ३.२२ घ्या. ड्रायव्हर आणि अपडेटचे फोल्डर पेनड्राइव्ह बनवून झाल्यावर त्यात टाका, आधी नाही, रूफस सगळं पुसतो.

६. बायोस

मशीन चालू होताना विंडोजच्या आधी जी सेटिंगची स्क्रीन उघडता येते ती बायोस. तिथे तारीख-वेळ बरोबर करा. साटा मोड (मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ते) एएचसीआय करा, विशेषतः एसएसडी असेल तर. हे इन्स्टॉलच्या आधीच करायचं. नंतर बदललं तर निळी स्क्रीन येते आणि मशीन चालूच होत नाही. विंडोज ८ सोबत आलेला लॅपटॉप असेल तर सिक्युअर बूट बंद आणि लेगसी किंवा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचं बूट, चालू.

बूट ऑर्डर बदलण्यापेक्षा बूट मेनू वापरा. डेल, लेनोवो, एसर, गिगाबाइटला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या बोर्डाला एफ८. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमधून चालू करावं लागतं कधीकधी.

थांबा: पेनड्राइव्ह काळ्या यूएसबी पोर्टला लावा, निळ्या नाही. निळा म्हणजे यूएसबी ३, आणि विंडोज ७ च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. सेटअप सुरू होतो आणि मग सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिसिंग आहे असा मेसेज येतो. लोकांना वाटतं आयएसओ खराब, तीन-तीनदा पेनड्राइव्ह बनवतात. पोर्ट बदला, बास.

७. इन्स्टॉल

दुसरी हार्ड डिस्क असेल तर तिची साटा केबल काढून ठेवा. दोन्ही लावून ठेवल्या की कधीकधी विंडोज एका डिस्कवर आणि त्याच्या बूट फाइली दुसऱ्या डिस्कवर जातात, मग पुढे कधी ती दुसरी डिस्क काढली की मशीन उठत नाही. लॅनची केबलही काढा. लाईटचा भरवसा नाही म्हणून यूपीएसवर काम करा, बॅटरी उतरलेली असेल तर लोडशेडिंगची वेळ बघून बसा.

भाषा इंग्लिश, टाइम अँड करन्सी इंग्लिश इंडिया, कीबोर्ड यूएस. मग कस्टम निवडा, अपग्रेड नाही. आता डिस्कची यादी येते आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. घाई करू नका. साइज वाचा, नाव वाचा, तुम्ही दिलेलं 'डेटा' नाव शोधा, त्याला हात लावायचा नाही. जुना सी आणि १०० एमबीचा सिस्टम रिझर्व्ह्ड डिलीट करा, रिकाम्या जागेवर क्लिक करून नेक्स्ट. १०० एमबीचा भाग तो स्वतः परत बनवतो.

थांबा: चुकून डेटाचा भाग डिलीट झाला तर तिथल्या तिथे पॉवर बंद करा. न्यू करू नका, फॉरमॅट करू नका, पुढे जाऊ नका. डिलीटने फक्त यादीतली नोंद जाते, आतला डेटा जागेवरच असतो, टेस्टडिस्कसारख्या टूलने परत मिळू शकतो. त्याच्यावर विंडोज टाकलं की मग अवघड.

डिस्क जीपीटी आहे (भागांची नवी मांडणी, आपण पेनड्राइव्ह एमबीआर या जुन्या मांडणीने बनवलाय), टाकता येत नाही असं म्हटलं तर शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, मग क्लीन. क्लीन अख्खी डिस्क कोरी करतं, सगळे भाग सकट. म्हणून नव्या एसएसडीवर किंवा बॅकअप उघडून बघितलेल्या डिस्कवरच.

पहिल्या रीस्टार्टला 'प्रेस एनी की' आलं तर काही दाबू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. युझरचं नाव इंग्रजीत, एका शब्दात, स्पेस न देता, जुने प्रोग्राम मराठी नावाच्या किंवा स्पेसवाल्या पाथवर अडखळतात. कॉम्प्युटरचं नाव जुनंच द्या. अपडेटचं विचारेल तेव्हा आस्क मी लेटर.

८. ड्रायव्हर, याच क्रमाने

चिपसेट, रीस्टार्ट. लॅन, पण केबल अजून लावायची नाही. ग्राफिक्स, रीस्टार्ट. मग साउंड आणि उरलेले. चिपसेट आधी का, तर बोर्डावरचे बाकीचे भाग विंडोजला त्याच्यामार्फत ओळखता येतात, तो मागे ठेवला की यूएसबी आणि साटा अर्धवट चालतात आणि दोष भलत्याच्या माथी जातो.

चेक करा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळं चिन्ह नको. तुमच्या जुन्या फोटोंशी जुळवून बघा.

९. अपडेट, नेट न लावता

केबल अजूनही बाहेर का? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं ते विंडोजच्या नेटवर्क शेअरिंगच्या भोकातून, काहीही क्लिक न करता मशीनवरून मशीनवर गेलं. त्याचा पॅच मार्च २०१७ चा. कोऱ्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो नाही. ऑफिसच्या नेटवर्कला पॅच न केलेलं मशीन जोडायचं नाही.

विंडोज अपडेट 'नेव्हर चेक' वर ठेवा. मग आकडे टाकलेल्या फाइली एकेक करून चालवा, रीस्टार्ट मागितला की द्या, दोन एकदम चालवू नका. 'सर्चिंग फॉर अपडेट्स' वर दहा-पंधरा मिनिटं अडकलं तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेटची सर्व्हिस स्टॉप करा आणि लगेच फाइल चालवा. दुसऱ्या फाइलीला जुन्या हार्ड डिस्कवर तास-दीड तास लागू शकतो, 'कॉन्फिगरिंग' चालू असताना बटण दाबून बंद करू नका.

शेवटच्या फाइलीनंतर वॉलपेपर काळा दिसला तर घाबरू नका, त्या अपडेटमध्येच वॉलपेपरच्या स्ट्रेच सेटिंगचा दोष होता, स्ट्रेचऐवजी फिल निवडा.

डॉट नेट लागत असेल तर ४.८ हे ७ साठीचं शेवटचं. ते सर्टिफिकेट चेनचा एरर देऊन थांबलं तर मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट सर्टिफिकेट आधी टाकावं लागतं.

१०. ट्वीक: मोजकेच करा

यूट्यूबवर बघून पन्नास सर्व्हिस बंद करणारे खूप आहेत, महिन्याभराने प्रिंट निघत नाही आणि कशामुळे ते कोणालाच आठवत नाही. मी करतो ते एवढंच.

व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये बेस्ट परफॉर्मन्स, त्यातलं फॉन्टच्या कडा गुळगुळीत करायचं तेवढं चालू ठेवा, नाहीतर मराठी वाचायला त्रास होतो. स्टार्टअपमधलं नको ते बंद. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या टाकायची जागा असते, तिला हात लावू नका, विंडोज सगळे कोअर तसेही वापरतं, त्याने वेग वाढत नाही. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करू नका, रॅम कमी असताना तर अजिबात नाही. हायबरनेशन बंद केलं तर रॅमच्या पाऊणपट जागा मोकळी होते, छोट्या एसएसडीवर ती कामाची. एसएसडी असेल तर ठरलेलं डीफ्रॅग बंद. ऑटोप्ले बंद, फाइलींचं एक्स्टेन्शन दिसेल असं करा, पेनड्राइव्हचे व्हायरस फोल्डरचं चित्र लावून येतात ते मग ओळखू येतात.

काट्याच्या मशीनला स्लीप कधीच नाही, आणि पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल. यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर लावलेला असेल तर त्या पोर्टवर खडूने खूण करा, दुसऱ्या पोर्टला लावला की कॉम नंबर बदलू शकतो.

मराठीसाठी रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स, ॲड, मराठी. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, डावं ऑल्ट आणि शिफ्टने बदलतो.

११. कामाचं सामान परत

फॉन्ट आधी, मग टॅली आणि बाकीचे प्रोग्राम, डेटा त्याच जुन्या पाथवर. प्रिंटरची केबल आधी लावू नका. कॅनन एलबीपी २९०० सारख्यांना इन्स्टॉलर जेव्हा सांगेल तेव्हाच लावायची आणि स्विच चालू करायचा, आधी लावली तर विंडोज त्याला अर्धवट ओळखतं आणि मग ते काढणंच जास्त किचकट.

आता विंडोज ॲक्टिवेट करा. त्यासाठी लॅन लावली तरी चालेल, पॅच बसलेत. कम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ॲक्टिवेटेड दिसलं पाहिजे. लोडर, क्रॅक वगैरे वापरू नका, अँटीव्हायरस बंद करा म्हणणारं काहीही चालवायचं नाही.

ब्राउझर फायरफॉक्स ११५ ईएसआर टाका. क्रोम ७ वर १०९ लाच थांबलंय. या मशीनवर बँक, ट्रेझरी, ओटीपी यातलं काही करायचं नाही, त्याला दुसरं मशीन किंवा मोबाइल. काट्याच्या मशीनला नेटची गरजच नसते, केबल काढूनच ठेवा.

चेक करा: खरं काम करून बघा. एक बिल छापा, एका गाडीचं वजन घ्या, एक मराठी ठराव उघडा, टॅलीत मागच्या वर्षीचा बॅलन्स जुळवा. मालकाला समोर बसवून करा.

१२. हे सगळं परत करायला लागू नये म्हणून

सगळं चालतंय, अजून कोणी काही टाकलेलं नाही, हीच वेळ. कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप अँड रिस्टोर, तिथे क्रिएट अ सिस्टम इमेज. बाहेरची हार्ड डिस्क लावा, एनटीएफएस फॉरमॅटमधली, आणि इमेज तिच्यावर घ्या. पुढच्या वेळी डिस्क गेली तर नवी डिस्क लावा, तुमच्या त्याच पेनड्राइव्हवरून बूट करा, रिपेअर युअर कम्प्युटरमधून इमेज ओढा, तासाभरात मशीन आजच्यासारखं उभं राहतं. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान घेऊ नका, इमेज बसत नाही.

इमेजची डिस्क मशीनला लावून ठेवू नका, कपाटात. आणि पहिल्या टप्प्यातला तो कागद, पोर्टचे आकडे, आयपी, पाथ, कीचा नंबर, त्याची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्याला टेपने चिकटवा, पंख्यापासून लांब.